परदेशी पार्सल: टपाल की कुरिअर?

भारतातून परदेशी जाणारे पार्सल दोनपैकी एका व्यवस्थेतून जाते. टपालाच्या व्यवस्थेत एका देशाचे टपाल खाते पार्सल स्वीकारते आणि दुसऱ्या देशाच्या टपाल खात्याच्या हवाली करते. कुरिअरच्या व्यवस्थेत घरून उचलण्यापासून परक्या देशात दारात पोचवेपर्यंत सगळी साखळी एकाच कंपनीच्या हाती असते. टपाल स्वस्त आणि संथ, कुरिअर महाग आणि वेगवान, असा या दोन्हींचा लौकिक आहे. ढोबळमानाने तो खरा असला, तरी निवड करायला तेवढा पुरत नाही. पार्सल वाटेत अडते ते बहुतेक वेळा सीमाशुल्क तपासणीत. तिथे पार्सलच्या वतीने कागद कोण पुढे करतो आणि पैसे कोण भरतो, या एका मुद्द्यावर दोन्ही व्यवस्था मुळातच निराळ्या आहेत. दर, दिवस आणि मनस्ताप यांतले बरेचसे फरक तिथूनच निघतात.

टपालाची व्यवस्था जुनी आहे. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे २२ देशांनी करार केला आणि त्यातून आजची जागतिक टपाल संघटना उभी राहिली. भारत १८७६ मध्ये तिचा सदस्य झाला. आज सदस्यसंख्या १९२ आहे. कराराचे मूळ तत्त्व असे, की टपालापुरते सगळे सदस्य देश म्हणजे एकच प्रदेश. सोलापूरला तिकीट लावलेले पाकीट टोरांटोत पोचवणे कॅनडाच्या टपाल खात्याला बंधनकारक ठरते ते यामुळे. प्रारंभी प्रत्येक देश आपल्याकडे जमलेले टपालमूल्य स्वतःकडेच ठेवत असे, कारण प्रत्येक पत्राला उत्तर येतेच असे गृहीत होते. पार्सलांना आणि मालाच्या पाकिटांना उत्तर येत नाही. म्हणून १९६९ च्या टोकियो अधिवेशनात, वाटप करणाऱ्या देशाला पाठवणाऱ्या देशाने मोबदला द्यावा असे ठरले. हा मोबदला बराच काळ कमी राहिला आणि टपालाचा स्वस्तपणा काही अंशी त्याच्यावर उभा होता. स्वस्त मालाची पाकिटे चीनमधून लोंढ्याने येऊ लागल्यावर अमेरिकेने संघटना सोडण्याची धमकी दिली. सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हाच्या विशेष अधिवेशनात तडजोड झाली आणि मोठ्या आयातदार देशांना आपला वाटपाचा दर स्वतः ठरवण्याची मुभा मिळाली. जगभर टपालदर त्यानंतर वाढले त्यामागे हेही एक कारण आहे.

कुरिअरचा जन्मच सीमाशुल्काच्या कागदांतून झाला. १९६९ मध्ये डाल्सी, हिलब्लॉम आणि लिन या तिघांनी सॅन फ्रान्सिस्कोहून होनोलुलूला जहाजांची कागदपत्रे विमानाने नेऊन देण्याचा धंदा सुरू केला. जहाज बंदराला लागण्याआधीच कागद सीमाशुल्क कार्यालयात पोचले, की माल धक्क्यावर पडून राहत नसे आणि भाड्याचे दिवस वाचत. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून कंपनीचे नाव पडले डीएचएल. पुढे विमाने, गोदामे, गाड्या हा सारा पसारा वाढला. पण कागद मालाच्या आधी पोचले पाहिजेत, हे मूळ सूत्र आजही या धंद्याचा कणा आहे. फेडेक्स १९७३ मध्ये मेम्फिसहून उडू लागली. यूपीएस त्याहून जुनी, १९०७ ची. भारतात ब्लू डार्ट १९८३ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि पुढे डीएचएलच्या छत्राखाली गेली. गंमत अशी, की २००२ पासून डीएचएल स्वतःच जर्मनीच्या पूर्वाश्रमीच्या सरकारी टपाल खात्याच्या, म्हणजे डॉइच पोस्टच्या, मालकीची आहे.

आता पार्सलाचा प्रत्यक्ष प्रवास पाहू. टपाल कार्यालयात आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट, म्हणजेच ईएमएस, हा वेगवान प्रकार असतो. त्याखाली हवाई पार्सल आणि हलक्या मालासाठी ट्रॅकिंगची पाकीटसेवा. कुठला प्रकार कोणत्या देशाला आणि किती वजनापर्यंत चालू आहे, हे देशागणिक बदलते. पाठवणारा सीमाशुल्काचा फॉर्म भरतो: छोट्या पाकिटाला सीएन २२, मोठ्या पार्सलला सीएन २३. महाराष्ट्रातला बराच माल मुंबईला विदेश डाक कार्यालयात येतो, तिथे भारतीय सीमाशुल्क खाते तो पाहते आणि मग तो विमानतळाकडे जातो. पलीकडच्या देशात पार्सल त्या देशाच्या टपाल खात्याच्या ताब्यात जाते आणि इथल्या काउंटरचा त्याच्याशी असलेला थेट संबंध संपतो. कुरिअरकडे आधार किंवा पासपोर्टची प्रत, मालाचे इनव्हॉइस आणि घेणाऱ्याचा चालू फोन नंबर मागतात. हा तपशील विमान सुटण्याआधीच समोरच्या देशाच्या सीमाशुल्क खात्याला जातो, आणि तिथे कंपनीचेच लोक पार्सल सोडवून घेतात.

टपालालाही आता आगाऊ माहिती द्यावीच लागते. १ जानेवारी २०२१ पासून मालाच्या प्रत्येक टपाली नगाबरोबर इलेक्ट्रॉनिक तपशील पाठवणे बंधनकारक झाले. काउंटरवरचा कर्मचारी फॉर्ममधला मजकूर संगणकात पुन्हा टाइप करत बसतो ते म्हणूनच. पण माहिती पाठवणे वेगळे आणि शुल्क भरून माल सोडवणे वेगळे. हा फरक किती मोठा आहे, ते २०२५ च्या ऑगस्टमध्ये जगाला दिसले.

अमेरिकेत २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतचा माल शुल्काशिवाय येत असे. ही सवलत सर्व देशांसाठी २९ ऑगस्ट २०२५ पासून स्थगित झाली आणि टपालाने येणाऱ्या मालाचे शुल्क विमान कंपन्यांनी किंवा मान्यताप्राप्त मध्यस्थांनी गोळा करून भरावे, असा हुकूम निघाला. टपाल खात्यांकडे अशी यंत्रणाच नव्हती. शुल्क कोण घेणार हे ठरेना, तेव्हा विमान कंपन्यांनी टपाल उचलणे थांबवले. भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेचे बहुतेक बुकिंग बंद केले आणि महिनाअखेरीस उरलेलेही थांबवले. जागतिक टपाल संघटनेच्या माहितीनुसार ८८ टपाल खात्यांनी सेवा पूर्ण किंवा अंशतः थांबवली, आणि २९ ऑगस्टला अमेरिकेकडे जाणारे टपाल आठवड्यापूर्वीच्या तुलनेत ८१ टक्क्यांनी घटले. कुरिअर कंपन्यांचे काम मात्र चालू राहिले. माल महागला, कागद वाढले, तक्रारीही झाल्या. पण शुल्क गोळा करून भरणे हा त्यांचा रोजचाच धंदा होता. भारतीय टपालाची अमेरिका सेवा १५ ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू झाली ती शुल्क बुकिंगच्या वेळीच भरून घेण्याच्या पद्धतीने. म्हणजे या एका मार्गावर तरी टपालाला कुरिअरचाच धडा गिरवावा लागला. अमेरिकी शुल्काचे दर सतत बदलते असल्याने ते बुकिंगच्या दिवशीच विचारलेले बरे.

कोविडमध्ये दुसरी कमजोरी उघडी पडली होती. टपालाच्या थैल्या बव्हंशी प्रवासी विमानांच्या पोटातून जातात. मार्च २०२० मध्ये प्रवासी उड्डाणे थांबली तसे परदेशी टपालही थांबले. स्वतःची मालवाहू विमाने असलेल्या कुरिअर कंपन्या उडत राहिल्या.

दरांचा प्रश्न लोक समजतात त्याहून गुंतागुंतीचा आहे. टपालात परंपरेने काट्यावरच्या वजनाला महत्त्व: स्पीड पोस्टला पहिल्या २५० ग्रॅमचा दर आणि पुढे प्रत्येक २५० ग्रॅमला ठरावीक वाढ. आकारावर मर्यादा असते. छोट्या पाकिटाची लांबी, रुंदी आणि उंची मिळून ९० सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. कुरिअर कंपन्या मात्र काट्यावरचे वजन आणि आकारमानाचे वजन यांत जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. आकारमानाचे वजन काढायचे ते सेंटिमीटरमधील लांबी, रुंदी, उंचीच्या गुणाकाराला ५,००० ने भागून. दिवाळीच्या फराळात हा हिशेब चांगलाच जाणवतो. चिवडा आणि चकल्या मिळून तीन किलो माल, चुरा होऊ नये म्हणून ऐसपैस भरलेले ४० बाय ३० बाय ३० चे खोके: गुणाकार ३६,०००, आकारमानाचे वजन ७.२ किलो आणि अर्ध्या किलोच्या टप्प्यामुळे बिल साडेसात किलोचे. तेवढ्याच वजनाचे बेसनाचे लाडू २५ बाय २० बाय १५ च्या खोक्यात बसतात. त्याचे आकारमानाचे वजन दीड किलोच भरते, म्हणून बिल काट्यावरच्या वजनाने लागते. एकाच घरचा, एकाच वजनाचा फराळ, आणि एका खोक्याचे बिल दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक. तेव्हा हलके आणि फुगीर ते टपालाने, जड आणि घट्ट ते दोन्हीकडे दर विचारून, हा साधा ठोकताळा बऱ्याचदा उपयोगी पडतो. कुरिअरच्या छापील दरावर इंधन अधिभार, दुर्गम पत्त्याचा अधिभार आणि कर चढतात, हेही लक्षात ठेवायला हवे. फोनवर सांगितलेला दर आणि पावतीवरचा आकडा यांत त्यामुळे बरीच तफावत पडते.

पाठवणाऱ्याने सगळे पैसे भरले, तरी घेणाऱ्याच्या दारात आणखी पैसे मागितले जाऊ शकतात. भारतातून निघताना भरलेले पैसे वाहतुकीचे असतात. अमेरिकेचे टपाल सोडले, तर तिथला आयातकर त्यात धरलेला नसतो. व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेल्या खऱ्या भेटवस्तूला काही सूट असते: अमेरिकेत १०० डॉलर, कॅनडात ६० कॅनेडियन डॉलर, ब्रिटनमध्ये ३९ पौंड, युरोपीय संघात ४५ युरो. दुकानाने थेट पाठवलेला माल भेट धरला जात नाही, मग पैसे कुणीही दिलेले असोत. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून बाहेरून विकत येणाऱ्या स्वस्त मालाचीही करसूट काढून टाकली. कर लागलाच तर टपाल खाते तो वसूल करते आणि हाताळणीचे ठरावीक शुल्क लावते. कुरिअर कंपनी कर आधी स्वतः भरते आणि त्यावर आगाऊ भरल्याचा आकार लावून बिल पाठवते. थोड्या कराच्या पार्सलावर हा आकार मूळ करापेक्षा जास्त होतो, आणि मावशीने पाठवलेला ड्रेस लंडनच्या भाचीच्याच खिशाला महाग पडतो. कुरिअरमध्ये कर पाठवणाऱ्याने भरण्याचा पर्याय असतो. भेट पाठवताना तो विचारून घ्यावा.

किंमत कमी लिहायचा मोह सार्वत्रिक आहे आणि तो वाईटच. जाहीर केलेली किंमत हीच पुढे नुकसानभरपाईची वरची मर्यादा ठरते, आणि तपासणीत खोटी आढळली तर दंडही होतो. वर्णनाचेही तसेच. नुसते ‘फराळ’ किंवा ‘भेटवस्तू’ असे लिहिलेले पार्सल उघडून पाहण्याला आमंत्रणच मिळते. ‘बेसन आणि साखरेचा गोड पदार्थ, १ किलो’, ‘सुती साडी, १ नग’ असा नगवार तपशील इंग्रजीत द्यावा लागतो.

खाद्यपदार्थांत कोणती सेवा यापेक्षा कोणता देश हा प्रश्न मोठा. अमेरिकेत खाद्यपदार्थ येण्याआधी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला पूर्वसूचना द्यावी लागते. मात्र व्यक्तीने स्वतःच्या घरी बनवून दुसऱ्या व्यक्तीला वैयक्तिक भेट म्हणून पाठवलेल्या पदार्थाला त्यातून सूट आहे. आईने केलेल्या करंज्या आणि दुकानातून आणलेल्या करंज्या कायद्याच्या नजरेत वेगळ्या ठरतात त्या अशा. युरोपीय संघ आणि ब्रिटन खासगी पार्सलांतून मांस आणि दुधाचे पदार्थ येऊ देत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी, खवा यांना तिथे मज्जाव. ऑस्ट्रेलियाची जैवसुरक्षा तपासणी त्याहून कडक. बियाणे, दुग्धजन्य पदार्थ, साल असलेले लाकूड यांवर तिथे बारीक नजर असते. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात अडकते, तेव्हा दुबईला अनारसे धाडताना त्यांच्यावर खसखस असते हे विसरू नये. सुके खोबरे हवाई वाहतुकीच्या नियमांत आपोआप पेटू शकणाऱ्या मालाच्या वर्गात येते, म्हणून खोबऱ्याच्या वाट्या नाकारल्या जातात. अत्तर आणि पॉवर बँक यांनाही सहसा नकारच मिळतो. औषधांना डॉक्टरांची चिठ्ठी आणि बिल लागते. कुरिअरवाला यातले बरेचसे काउंटरवरच नाकारतो. टपालात पार्सल कधीकधी पुढे जाते आणि परक्या देशात जप्त होते. सीएन २३ वर ‘न पोचल्यास परत’ की ‘सोडून द्या’ यांपैकी कुठल्या चौकोनात खूण केली होती, त्याला अशा वेळी महत्त्व येते. परतीचे पैसे पाठवणाऱ्यालाच भरावे लागू शकतात.

पार्सल निघाले, की सगळ्यांचे डोळे ट्रॅकिंगवर. टपालाच्या पावतीवर तेरा चिन्हांचा क्रमांक असतो: आधी दोन अक्षरे, मग नऊ अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरे, भारतासाठी ‘आयएन’. पहिले अक्षर ‘ई’ असेल तर ईएमएस, ‘सी’ असेल तर पार्सल, ‘आर’ असेल तर रजिस्टर. नऊ अंकांतला शेवटचा पडताळणीचा असतो; आकडा चुकीचा टाइप झाला तर यंत्राला तो लगेच कळतो. हा क्रमांक जगभर एकच असल्याने पार्सल भारताबाहेर पडले, की घेणाऱ्या देशाच्या टपाल खात्याच्या संकेतस्थळावर शोधावे. भारतीय संकेतस्थळावर ‘रवाना’ म्हणून आठवडाभर थिजलेले पार्सल तिथे वाटपाला निघालेलेही दिसते. कुरिअरचे ट्रॅकिंग अधिक बारीक असते आणि मुख्य म्हणजे अडचण आली तर फोन उचलणारा माणूस असतो.

हरवले तर काय, हा प्रश्न बुकिंगच्या आधी कुणी विचारत नाही. टपाल संघटनेच्या नियमांत हरवलेल्या पार्सलची भरपाई ४० एसडीआर अधिक दर किलोला साडेचार एसडीआर अशी मोजतात. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक. दोन किलोच्या पार्सलला ४९ एसडीआर, म्हणजे सहा हजार रुपयांच्या आसपास. तक्रार सहा महिन्यांच्या आत करावी लागते. १८९८ च्या कायद्याची जागा घेणारा आणि जून २०२४ पासून लागू झालेला नवा टपाल कायदाही, नियमांत ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे खात्यावर जबाबदारी टाकत नाही. कुरिअरची जबाबदारीही अमर्याद नसते. वजनावर किंवा ठरावीक डॉलरांवर ती बांधलेली असते आणि त्यावरचे संरक्षण वेगळे पैसे देऊन घ्यावे लागते. बारीक टाइपातल्या या अटी वाचल्या, तर खरी पैठणी दोन्हीकडे विम्याशिवाय पाठवू नये एवढे नक्की कळते. दागिन्यांचा विचार तर सोडूनच द्यावा.

पत्ता हा टपालाचा हुकमी एक्का आहे. डोंगरातले खेडे असो की बेट, सदस्य देशाच्या टपालाला वाटप करावेच लागते. पोस्ट बॉक्सवर कुरिअर सहसा पार्सल देत नाही. उलट आखाती देशांत टपाल घरोघरी न जाता परंपरेने पोस्ट बॉक्समध्येच पडते. नातलगाकडे बॉक्स नसेल तर तिथे फोन नंबर घेऊन दारात येणारे कुरिअरच सोयीचे.

या दोहोंच्या मध्ये तिसरा गट आहे आणि पुण्या-मुंबईत बहुतेक लोकांची गाठ त्याच्याशीच पडते: ‘इंटरनॅशनल कुरिअर’ची पाटी लावलेली दुकाने. ती अनेकांचा माल एकत्र करून मोठ्या कंपन्यांना घाऊक दराने देतात किंवा परदेशी पोचल्यावर तिथल्या स्थानिक वाटपाच्या हवाली करतात. दिवाळीत पाच-दहा किलोच्या फराळाच्या योजना याच दुकानांतून निघतात, आणि वजन जास्त असले तर त्यांचा दर टपालाशी बरोबरी करतो. फक्त एक प्रश्न स्पष्ट विचारावा: माल शेवटी कोणाच्या एअर वे बिलावर, म्हणजे विमानवाहतुकीच्या पावतीवर, जाणार? दुकानाच्या स्वतःच्या डॉकेट नंबरवर मोठी कंपनी काहीही सांगणार नाही.

घरगुती उद्योजकांसाठी हिशेब थोडा वेगळा. २०२३ च्या परकीय व्यापार धोरणाने कुरिअरमार्गे निर्यातीची प्रतिनग मर्यादा ५ लाखांवरून १० लाख रुपये केली. टपाल खात्याने देशभर हजाराहून अधिक डाकघर निर्यात केंद्रे उघडली असून, निर्यातीचा टपाली दाखला आता घरबसल्या ऑनलाइन भरता येतो. महिन्याला पाच-सहा कोल्हापुरी चपलांचे जोड परदेशी पाठवणाऱ्याला टपाल परवडते; ग्राहकाला तारखेचे वचन दिले असेल तर कुरिअरला पर्याय नाही.

उलट दिशेचा एक नियमही ठाऊक असावा. परदेशातून भारतात भेट म्हणून येणाऱ्या मालाची पाच हजार रुपयांपर्यंतची शुल्कसूट डिसेंबर २०१९ मध्ये संपली. जीवरक्षक औषधे आणि राखी एवढ्यांनाच ती उरली आहे, आणि राखीबरोबरच्या भेटीला ती लागू नाही.

मालागणिक बोलायचे, तर विद्यापीठाला धाडायची प्रमाणपत्रे, मुदतीचे करारपत्र, औषधे यांना कुरिअरच घ्यावे; तिथे वाचलेल्या पैशांना अर्थ नसतो. कपडे, खेळणी, हलक्या भेटी सूटमर्यादेत असतील आणि पंधरा-वीस दिवसांची सवड असेल तर टपाल उत्तम. फराळाला स्पीड पोस्ट किंवा कुरिअर. साध्या हवाई पार्सलात लाडवांना खवट वास येण्याचा धोका असतो. पुस्तकांच्या बाबतीत टपाल सरळ सरस ठरते. युनेस्कोच्या १९५० च्या फ्लॉरेन्स करारामुळे अनेक देशांत पुस्तकांवर सीमाशुल्क नाही, आणि एकाच पत्त्यावर जाणाऱ्या छापील साहित्यासाठी टपालात ३० किलोपर्यंतची एम-बॅग मिळते. दिवाळी अंकांचा गठ्ठा परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाला पाठवायचा असेल, तर मोठ्या टपाल कार्यालयात आधी तिचीच चौकशी करावी.